मानमोडीच्या सालात पडून कोण राहिलं?

आमच्या घरात कुणाला ताप आला की आजी उंबऱ्यात येऊन बसायची. औषधाचं तिला काही नव्हतं. गोळी आणा, नका आणू, ती त्यात पडत नसे. पण माणसाला उठू द्यायची नाही. परसाकडला जायचं म्हटलं तरी कुणाचा तरी खांदा धरून. "पडी ऱ्हाय," एवढंच म्हणायची. ताप उतरला, जीव हुशारला, शाळेत जातो म्हटलं, तरी आणखी तीन दिवस "पडी ऱ्हाय." बाप चिडायचा. मजुरी बुडते म्हणायचा. एकदा तो अंगात कणकण असताना कामावर निघाला तर तिनं त्याच्या अंगावर लोटा फेकलेला मी पाहिला आहे. बाप तेव्हा चांगला चाळिशीचा होता. गुपचूप येऊन गोधडीवर पडला.

म्हातारीचं हे वेड आहे असं आम्ही समजायचो. त्या वेडाला एक साल आहे, आणि ते साल १९१८ आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आजी अहिराणी बोलायची. तिचं माहेर बोरी नदीच्या काठाला, अमळनेर-पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात. साल-तारीख तिला ठाऊक नव्हती. छपन्नच्या दुष्काळात तिच्या मायबापाचं लग्न व्हायचं होतं आणि मानमोडी आली तेव्हा ती शेळ्या वळण्याइतकी झाली होती, असा तिचा हिशोब. म्हणजे नऊ-दहा वर्षांची. मानमोडी हे नाव आता कुणी घेत नाही. अंग असं मोडून यायचं की उशावरून मान उचलता येत नव्हती, म्हणून मानमोडी. सरकारी दप्तरात ती इन्फ्लुएंझा झाली आणि जगाच्या इतिहासात स्पॅनिश फ्ल्यू. स्पेनचा तिच्याशी संबंध एवढाच, की तो देश पहिल्या महायुद्धात नव्हता, त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाची कात्री नव्हती. त्यांनी साथीची बातमी छापली आणि नाव त्यांच्याच माथी बसलं. खरं बोलणाऱ्याच्या नावानं रोग ओळखला जातो, असला हा न्याय.

मुंबईत ताप पहिल्यांदा आला तो जून १९१८ मध्ये. पोलीस शिपाई पडले, गोदीतली माणसं पडली, तारऑफिस, टांकसाळ, गिरण्या, जिथं म्हणून माणसं खेटून काम करत होती तिथं ताप फिरला. ही पहिली फेरी तशी सौम्य होती. तीन दिवस ताप, मग अशक्तपणा, मग माणूस कामावर. सप्टेंबरात तोच ताप दुसऱ्यांदा आला तो मारायलाच आला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं त्यानं नेली. तिथून तो रेल्वेनं निघाला. खानदेशात रेल्वे कशी आहे ते वाचकांना सांगायला नको. मुंबईची गाडी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाते. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आहे. सुरतेकडून तापीच्या काठाकाठानं नंदुरबार, अमळनेर करत दुसरी गाडी जळगावला येऊन मिळते. १९१८ मध्ये हे सगळे रूळ टाकून झालेले होते. कापसाच्या गाठी ज्या वाटेनं बाहेर गेल्या त्याच वाटेनं ताप आत आला. टपाल वाहणारे, रेल्वेचे लोक, सुटीवर आलेले शिपाई, मुंबई सोडून जीव घेऊन गावाकडे पळणारे मजूर. शिपायांत आपलेही होते. १९१७ मध्ये सरकारला एकाएकी महारांच्या शौर्याची आठवण झाली होती आणि १११ वी महार पलटण उभी राहिली होती. लढाई संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. पण तो विषय वेगळा.

ताप कशानं येतो ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. भल्याभल्या डॉक्टरांनी एका भलत्याच जंतूवर आळ घेतला होता. माणसातल्या फ्ल्यूचा खरा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, लंडनला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते साध्या माणसाच्या नशिबी यायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. म्हणजे १९१८ मध्ये मुंबईच्या लाटसाहेबाकडे जे औषध होतं तेच आमच्या आजीच्या झोपडीत होतं. ते म्हणजे काही नाही. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या साथीत माणसाला वाचवणारी गोष्ट होती ती पडून राहणं. ताप असेपर्यंत आणि ताप गेल्यावरही काही दिवस उठायचं नाही, उबेत राहायचं, मोकळी हवा घ्यायची, आणि कुणीतरी तोंडात पाणी आणि पेज घालायची. जगभरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. विलायतेच्या डॉक्टरनं तेच, अमेरिकेच्या डॉक्टरनं तेच. जो लवकर उठला त्याची छाती भरली. छाती भरली की ओठ निळे पडायचे, नाकातून रक्त यायचं, मग खेळ संपला.

औषध फुकट होतं. मग ते सगळ्यांना का मिळालं नाही?

आजीच्या घरात सात माणसं. माय, बाप, थोरला भाऊ, आजी, धाकटा भाऊ, काकी, आणि फुई म्हणजे बापाची विधवा बहीण. काका भुसावळला रेल्वेत खलाशी होता. सातातली सहा माणसं दोन दिवसांत आडवी झाली. आजीच्या शब्दांत, "घरमा समदा पडेल व्हतात. पानी कोन देई?" पाणी देणारी एकटी फुई उरली. ती का पडली नाही? गावात म्हणाले, हिला मरीआई पावली. मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. आषाढात फुई भुसावळला भावाकडे गेली होती आणि तिथं तिला तीन दिवस ताप येऊन गेला होता. पहिल्या फेरीत जे पडून उठले त्यांतले बरेच दुसऱ्या फेरीत वाचले, असं आता या विषयाचे अभ्यासक सांगतात. फुईला हे कुठून कळणार? तिला एवढंच कळत होतं की घरात सहा तोंडं पाणी मागतात आणि रांजण कोरडा आहे.

आता पाण्याचं सांगतो. १९१८ मध्ये पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतल्या कोरड्या पावसाळ्यांची यादी केली तर ते साल अगदी वर येतं. लढाईनं धान्य आधीच महाग केलं होतं, त्यात खरीप जळालं. ज्वारीचं कणीस भरलं नाही. बोरीला पूर आला नाही. गावात विहिरी होत्या आणि त्यांत खोल का होईना पाणी होतं. पण महाराला विहिरीत दोर टाकता येत नव्हता. त्याच्या पाण्याला दोन वाटा. विहिरीपासून लांब मडकं मांडून बसायचं आणि एखाद्या बाईला दया आली तर तिनं वरून ओतलेलं घ्यायचं. नाहीतर नदीत झिरा करायचा. वाळू हातानं उकरायची, कोपरभर खड्डा झाला की पाणी पाझरायची वाट बघायची, आणि वाटीवाटीनं मडकं भरायचं. बऱ्या सालात एक मडकं भरायला बाई घटकाभर बसायची. त्या साली झिरा कमरेएवढा खोल गेला होता. फुई मध्यरात्री जायची आणि दिस उगवताना एक मडकं घेऊन यायची.

विहिरीचं काय झालं? तर पाणी ओतणाऱ्या बायाच पडल्या. कुणब्याच्या घरातही ताप होताच. दोन-तीन दिवस विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. रहाट उभा, दोर लोंबतोय, पाणी आत. फुई रात्री तिथवर गेली, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि ती तशीच मागे फिरून नदीत झिऱ्यावर गेली. ही गोष्ट आजीनं मला दोन-तीनदा सांगितली. मी तेव्हा कॉलेजात होतो, अंगात रग होती. मी म्हटलं, सगळं गाव मरायला टेकलं होतं, बघणारं कोण होतं? का नाही दोर टाकला? आजी म्हणाली, "भ्याव वाटे रे पोऱ्या." मला तेव्हा फुईचा राग आला होता. आता येत नाही. मोकळ्या विहिरीवरसुद्धा माणसाच्या मनात पहारा बसवता येतो, ही या व्यवस्थेची कमाई आहे. त्यानंतर साडेआठ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या तळ्यात उतरले तेव्हा त्यांनी नुसतं तळ्यातलं पाणी उचललं नाही. ते भ्याव पहिल्यांदा उचललं.

फुईनं सहा माणसांना कसं जगवलं? ज्वारीच्या कण्या पातळ शिजवायची, मीठ घालून. मीठ संपलं की नुसत्या. सुंठ एका वाण्याकडून आणली होती ती उगाळून कपाळाला. लिंबाचा पाला अंथरुणाखाली. आजारी माणूस बरळायला लागला की ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. फडकं भिजवायचं पाणी पुन्हा प्यायला वापरायचं नाही, एवढी अक्कल तिला होती. पण ते फेकायचंही नाही, मातीत जिरवून त्यावर धाकट्याला निजवायचं, गार लागतं म्हणून. धाकटा तरी वाचला नाही. काकी पोटुशी होती, तीही गेली. त्या साथीत तरणीताठी माणसं जास्त गेली, वीस ते चाळीसच्या वयाची, आणि त्यांतही पोटुश्या बाया जास्त. ही गोष्ट तेव्हाच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आली होती. एरवी साथ म्हातारी आणि पोरं उचलते. हिनं कमावते हात उचलले.

बापाची गोष्ट वेगळी. आजी ती सांगताना आवाज बदलायची नाही, ज्वारी निवडत सांगायची.

त्या वर्षी येसकरकीची पाळी त्यांच्या घरात होती. पाळी म्हणजे गावाचा गुलाम होणं, हे आपल्या वाचकांना सांगावं लागत नाही, पण पोरं आता शहरात वाढतात म्हणून सांगतो. हातात काठी. चावडीवर हजर. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. मेलेलं ढोर ओढायचं. आणि गावात कुणी मेलं की त्याच्या सोयऱ्यांच्या गावाला सांगावा न्यायचा. जळणासाठी लाकूड फोडून द्यायचं. आता विचार करा, ज्या गावात एरवी महिन्याला एखादं मढं निघतं तिथं दिवसाला दोन-दोन निघायला लागली तर येसकराचं काय होईल? प्रत्येक मढ्यामागे कोसा-कोसाची वाट आणि लाकडाचा भारा. साथीत सगळ्यात जास्त काम कुणाला वाढलं असेल तर डॉक्टरला नाही, येसकराला. आणि प्रत्येक सांगाव्याबरोबर तो ताप नेणार तरी किंवा आणणार तरी.

बाप पडला. चौथ्या दिवशी घाम फुटला, ताप उतरला. फुई म्हणाली, आता हा वाचला. पाचव्या दिवशी चावडीवरून माणूस आला. गावातल्या एका मोठ्या घरची सून गेली होती, तिच्या माहेरी सांगावा न्यायचा होता. माहेर सहा कोसांवर. फुईनं सांगितलं, तो उठत नाही. थोरल्या पोराला धाडा म्हणावं तर तोही तापात. माणूस म्हणाला, उठत नसेल तर बलुतं बंद. त्या साली खळ्यावर काय मिळणार होतं? पण जे काही चार पायल्या मिळाल्या असत्या त्याही गेल्या तर उरलेली माणसं भुकेनं मरतील. बाप उठला. गेला. सांगावा दिला. तिथं त्याला कुणी बसवलं नाही, आणि बसवलं असतं तर कुठं? परत आला तो अंधार पडल्यावर, भिंतीला धरून. छाती भरली. तिसऱ्या दिवशी गेला.

"तो तापनी मरना नही," आजी म्हणायची. "तो उठना म्हनीसन मरना."

ही एका घरची गोष्ट झाली. एका घरच्या गोष्टीवरून इतिहास कसा लिहिता, असं विद्वान विचारतील. विचारू द्या. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनं त्या साली जातवार हिशोब ठेवला होता. हजार माणसांमागे त्या साथीत किती मेले? युरोपियन ८.३. पारशी ९. ज्यू १४.८. देशी ख्रिस्ती १८.४. वरच्या जातींचे हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि 'खालच्या जातींचे हिंदू' म्हणून जो रकाना आहे त्यात ६१.६. साथीला जात नसते असं भाषणात म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा. वरच्या हिंदूच्या तिप्पट, साहेबाच्या सातपट. जंतू एकच, हवा एकच, शहर एकच. दहा बाय दहाच्या खोलीत किती माणसं निजतात, पोटात आधीपासून किती अन्न आहे, तापात काम सोडलं तर उद्या चूल पेटेल का, आजारी माणसाजवळ बसायला घरात एक तरी रिकामा हात आहे का, हा सगळा त्या तिपटीतला फरक आहे. शहराचा मैला, कचरा आणि मेलेली ढोरं उचलणारा माणूस पाच दिवस पडून राहिला तर शहर घाण होतं. म्हणून त्याला उठवलं जातं.

खेड्यांत असा रकाना नव्हता. तिथं बहुतेक मरणं 'ताप' या एका शब्दाखाली घातली गेली. नोंद करणारेच जिथं पडले किंवा मेले तिथं तेवढंही झालं नाही. म्हणून देशभरचा आकडा अजून पक्का ठरत नाही. कुणी एक कोटी वीस लाख म्हणतो, कुणी एक कोटी ऐंशी लाख. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर. १९११ ला या देशाची, आजच्या सीमांतल्या देशाची, लोकसंख्या २५.२१ कोटी होती. १९२१ ला ती २५.१३ कोटी भरली. भूगोलाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि परीक्षेत गाळलेली जागा भरा म्हणून विचारतात. त्या गाळलेल्या जागेत आजीचा बाप आहे.

खानदेशाला कागद जपायची हौस आहे. धुळ्यात वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीला वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. चांगलीच गोष्ट आहे. अमळनेरात १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघालं होतं. म्हणजे मानमोडी आली तेव्हा बोरीकाठच्या त्या गावात जग खरं की खोटं यावर विचार करायला एक संस्था होती. तिथून काही कोसांवर फुई झिऱ्यावर बसली होती. मी यात कुणाला दोष देत नाही, दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो एवढंच.

सरकार काय करत होतं हाही प्रश्न आहे. १८९७ च्या प्लेगात इंग्रजानं सोजीर घरात घुसवले, माणसं ओढून छावणीत टाकली. त्याचा केवढा संताप झाला ते आपण शाळेत शिकतो. १९१८ मध्ये सरकारनं उलट केलं, माणसं घरीच सोडली. डॉक्टर पुष्कळसे लढाईवर गेलेले. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे लोक औषधं घेऊन चाळींत फिरले, त्यांनी चांगलं काम केलं. खेड्यात घर हाच दवाखाना. पण घर म्हणजे काय? ज्याच्या घरात विहिरीचं पाणी, कणगीत दाणे, गोठ्यात दूध आणि दाराला आडणा आहे त्याचं घर दवाखाना होऊ शकतं. ज्याच्या दारावर कोणीही काठी आपटून त्याला उठवू शकतो, त्याचं ते घर म्हणायचं का?

खरा दवाखाना होता तिथं तरी जाता येत होतं का? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. आपण तो पाण्याचा ठराव म्हणून ओळखतो. पण त्यात शाळा, कोर्ट, कचेऱ्यांबरोबर दवाखानेही आहेत. म्हणजे मानमोडीनंतर पाच वर्षांनी कौन्सिलाला असं सांगावं लागलं की बाबांनो, दवाखान्यातही यांना येऊ द्या. आणि येऊ दिलं तरी डॉक्टर हात लावील याची खात्री काय? काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत १९२९ मध्ये छापून आली होती आणि बाबासाहेबांनी ती आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात घेतली आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर तापली, छाती भरली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मिनतवारीनं आला तर बाई वस्तीबाहेर आणून बसवा म्हणाला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, मुसलमानानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला, आणि त्याच वाटेनं ते परत आलं. नाडी कुणी बघितली नाही. बाई मेली. छाती भरलेल्या माणसाला हात न लावता तपासायची ही विद्या फक्त आपल्या देशात निघाली.

याच्या अगदी उलट एक माणूस आठवतो, बाई आठवते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी पुण्याजवळच्या मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर उचलून यशवंताच्या दवाखान्यात नेलं आणि त्यातच १० मार्चला त्यांचं देहावसान झालं. हात लावणं हे औषध आहे, हे त्यांना कळलं होतं.

त्याच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या खानदेशची गोष्ट आहे, ती बहुतेकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात जायचं तर एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाही. शेवटी टांगा मिळाला पण हाकायला आपलाच एक माणूस बसला, ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता. नदीच्या फरशीवर चाक आदळलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. पुढे कितीतरी दिवस त्यांना अंथरुणावर काढावे लागले. त्यांना निदान पडून राहता आलं. आणि ज्या सालाबद्दल मी लिहितो आहे त्या १९१८ च्या ११ नोव्हेंबरला, ज्या दिवशी महायुद्ध थांबलं त्याच दिवशी, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर म्हणून रुजू झाले होते. शहरातली मढी अजून ताजी होती. आणि प्रोफेसरांच्या खोलीतल्या माठातलं पाणी यांनी प्यावं का, यावर तिथं कुरकुर झाली.

आता आपल्यालाही न आवडणाऱ्या दोन गोष्टी सांगतो, कारण आजी त्या वगळायची नाही. एक, गावातली एक कुणबीण, तिचे दोन मुलगे गेले होते, ती रोज तिन्हीसांजेला महारवाड्याच्या कुंपणावर दोन भाकरी ठेवून जायची. कुणाला हाक मारायची नाही. आजीच्या पोटात त्या भाकरी गेल्या आहेत, म्हणजे माझ्या रक्तातही थोड्या असतील. तिनं विहिरीचं पाणी मात्र आणून दिलं नाही. दुसरी गोष्ट, आमच्या वस्तीपलीकडे मांगांची तीन घरं होती. त्यातल्या एका घरात सगळेच पडले. फुईनं त्यांच्या हाका ऐकल्या. ती गेली नाही. पाणी पुरेना म्हणून गेली नाही, की मांगाचं घर म्हणून गेली नाही, हे मी आजीला विचारलं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दोन्ही." ते घर संपलं. हे मी छापायला देऊ नये असं आमच्या भावकीतल्या एकाचं मत पडलं. मी देतो आहे.

एप्रिल २०२१ मध्ये मी धुळ्यात कोरोनानं पडलो. वय झालेलं, पण दवाखान्यात खाट मिळत नव्हती आणि तशी गरजही पडली नाही. घरीच राहा म्हणाले. वेगळी खोली हवी, वेगळं संडास-न्हाणीघर हवं, काळजी घेणारं माणूस हवं, असा सरकारचा नियम होता. मला हे तिन्ही होतं. पेन्शन चालू होती. सतरा दिवस मी गोधडीवर पडून राहिलो आणि सूनबाई दाराशी ताट ठेवून जायची. मागच्या वस्तीत एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथला एक पोरगा हमाली करतो. त्याला ताप होता हे मला नंतर कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. तो वाचला, तरणा होता. मी त्या सतरा दिवसांत आजीचा विचार करत होतो, आणि तेव्हाच हे लिहायचं ठरवलं.

शेवटी त्या घराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. साताचे चार उरले: माय, थोरला भाऊ, आजी आणि फुई. आजीचे डोक्याचे केस गळून गेले, सगळे. त्या तापानंतर पुष्कळांचे गळायचे. ती महिनाभर भिंत धरून चालत होती. डोक्याला फडकं बांधून मायबरोबर लोकांच्या शेतात कापूस वेचायला गेली, जो काय थोडा आला होता तो. केस पुढच्या पावसाळ्यात आले, पहिल्यापेक्षा पातळ.

थोरला भाऊ बारा-तेरा वर्षांचा. तो बरा होऊन उभा राहिला त्या आठवड्यात बापाची काठी त्याच्या हातात दिली गेली, कारण पाळी अजून संपली नव्हती. त्याला चावडीपर्यंत फुई हात धरून घेऊन गेली, पाय लटपटत होते. मुंबई सरकारचा वतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला तोवर तो दर पाळीला ती काठी धरत राहिला. मी लहानपणी त्याला पाहिलं आहे. आम्ही त्याला मामाआजा म्हणायचो. आजीकडे आला आणि घरात कुणी तापानं पडलेलं असलं की तो दारातच बसायचा, तिच्या शेजारी. बाहेरून कुणी हाक मारली तर आत न विचारताच सांगायचा, "घरमा कोनी नही."